मंतरलेल्या बेटांभोवतीचे पाणी

सन १५३५ मध्ये पनामाचा बिशप टोमास दे बेर्लांगा पेरूकडे जाण्यासाठी गलबतावर चढला. पेरू जिंकणारे पिझारो आणि आल्माग्रो हे दोन स्पॅनिश सरदार मुलखाच्या वाटणीवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते, आणि त्या तंट्यात लक्ष घालण्याची कामगिरी बादशहा पाचवा चार्लस याने या धर्माधिकाऱ्यावर सोपविली होती. वाटेत वारा पडला. शिडे निर्जीव होऊन लोंबू लागली, आणि गलबत एका अदृश्य प्रवाहाच्या तावडीत सापडून किनाऱ्यापासून दूर पश्चिमेकडे ओढले जाऊ लागले. १० मार्च रोजी जमीन दृष्टीस पडली, तेव्हा गलबतावरचे गोडे पाणी संपत आले होते.

तहानलेल्या खलाशांना वाटले, देव पावला. पण किनाऱ्यावर उतरून पाहतात तो जिकडेतिकडे काळा, करपलेला दगड. विहीर खणली, तर तिला समुद्राहूनही खारट पाणी लागले. शेवटी निवडुंगाची पाने पिळून त्यांचा रस घशाखाली उतरवावा लागला. पुढे २६ एप्रिल रोजी बिशपने बादशहाला जे पत्र लिहिले त्यात, देवाने कधी काळी येथे दगडांचाच पाऊस पाडला असावा, अशा अर्थाचा उद्गार आहे. माणसाला पाठीवर वाहून नेतील एवढी प्रचंड कासवे, सर्पासारख्या भासणाऱ्या घोरपडी आणि सील हे जलचर त्याने पाहिले. पाखरे तर इतकी भोळी, की माणूस जवळ आला असता उडून जावे हे त्यांना कळेना. ती हाताने धरता येत. हा शेवटचा तपशील बिशपने केवळ एक नवल म्हणून नोंदविला. परंतु पुढच्या चारशे वर्षांत या बेटांवर आणि बेटांभोवती जे जे घडले, त्याचे मर्म त्या एका तपशिलात आहे. समुद्राविषयी मात्र बिशपला सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. ज्याची जीभ तहानेने टाळ्याला चिकटली आहे त्याच्या लेखी समुद्र म्हणजे पिता न येणारे पाणी. त्यात डोकावून पाहण्याची बुद्धी त्याला कोठून व्हावी?

हीच ती गालापागोस बेटे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील इक्वेडोर देशापासून ती सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेस, ऐन विषुववृत्तावर वसली आहेत. मोठी म्हणावी अशी बेटे तेरा. बाकीची लहानसहान बेटे आणि पाण्यातून डोके वर काढणारे खडक. ती सर्व ज्वालामुखींनी समुद्राच्या तळातून उभारलेली असून कोणत्याही खंडाच्या भूमीशी त्यांचा कधीच सांधा नव्हता. कासवाला जुन्या स्पॅनिश भाषेत जो शब्द होता त्यावरून हे नाव पडले, आणि १५७० साली ऑर्टेलियसच्या प्रसिद्ध नकाशासंग्रहात ते छापलेही गेले. पण खलाशांच्या तोंडी दुसरेच नाव होते : मंतरलेली बेटे. आज जेथे दिसली तेथे ती उद्या सापडत नाहीत, ती जागा बदलतात, असा त्यांचा समज होता. बेटे अर्थातच जागच्या जागी होती. वारा पडला की प्रवाह गलबतालाच भलतीकडे वाहवत नेई, आणि खलाशी आपली चूक बेटांच्या माथी मारून मोकळे होत.

गंमत अशी, की खलाशांना छळणाऱ्या त्या प्रवाहांतच या बेटांचे खरे वैभव दडलेले होते. दक्षिणेकडून पेरूच्या किनाऱ्यालगत हंबोल्टचा थंड प्रवाह वाहत येतो. त्याहून विलक्षण असा दुसरा प्रवाह पश्चिमेकडून, पृष्ठभागाच्या खालून, विषुववृत्ताला धरून हजारो मैलांची वाट तुडवीत येतो. त्याचा शोध १९५२ साली टाऊनसेंड क्रॉमवेल या शास्त्रज्ञाने लावला. हा प्रवाह फर्नांदिना आणि इसाबेला या पश्चिमेकडील बेटांच्या बुडाशी आदळतो आणि वर चढतो. खोल समुद्रातील क्षार त्याबरोबर उजेडात येतात, त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, वनस्पतींवर लहान मासे, लहान माशांवर मोठे मासे, आणि त्या सर्वांवर पाखरे, सील व देवमासे. वर दगडांचा पाऊस आणि खाली अन्नछत्र, असा हा प्रकार आहे. विषुववृत्तावर पेंग्विन पक्षी राहतो ही कपोलकल्पित वाटणारी गोष्ट येथे खरी आहे, ती या थंड पाण्याच्या जोरावर.

या अन्नछत्राचा सुगावा प्रथम लागला तो व्यापाऱ्यांना. १७९३ साली जेम्स कॉल्नेट हा इंग्रज कप्तान देवमाशांच्या शिकारीला हा समुद्र कितपत योग्य आहे हे पाहण्यासाठी आला, आणि त्याच्या मागोमाग शिकारी गलबतांची रीघ लागली. देवमाशांचे तेल युरोप-अमेरिकेतल्या दिव्यांत जळत होते. खलाशांना ताजे मांस हवे होते, आणि कासवे तळघरात अन्नपाण्यावाचून महिनोन्महिने जिवंत राहात. तेव्हा ती शेकड्यांनी उचलून तळघरात एकावर एक रचली जात. अशी लाखभर तरी कासवे गेली असावीत, असा अंदाज केला जातो. दाट लव असलेल्या सीलांची कातडी किमती. ते खडकांवर निजलेले असत आणि माणूस सोटा घेऊन जवळ आला तरी उठत नसत. या प्राण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर शत्रूच पाहिला नव्हता. त्यांचे भय सारे पाण्यात होते. भूमी म्हणजे अभय. त्या अभयाच्या जागेवरच माणसाने त्यांना गाठले. विसाव्या शतकाच्या आरंभी हे सील बहुधा संपलेच, अशी समजूत झाली होती. सुदैवाने ती खोटी ठरली.

या शिकाऱ्यांपैकी बेंजामिन मॉरेल नावाच्या अमेरिकन कप्तानाची हकीकत सांगण्याजोगी आहे. पदरचा मजकूर घालण्याबद्दल मॉरेलची ख्याती असल्याने त्याचे बोलणे जपूनच घ्यावे लागते. परंतु १८२५ च्या फेब्रुवारीत फर्नांदिनाचा ज्वालामुखी जागा झाला तेव्हा तो जवळच होता, हे मान्य झालेले आहे. तापलेल्या लाव्हाचे लोट समुद्रात कोसळू लागले, पाणी कढू लागले आणि गलबताच्या फळ्यांमधले डांबर वितळून गळू लागले. वारा नव्हता, हलावे म्हटले तर हलता येईना. अखेर झुळूक आली म्हणून माणसे वाचली. पाण्याखालच्या जिवांचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात आला असेल तर त्याची नोंद नाही.

बेर्लांगाच्या आगमनाला बरोबर तीनशे वर्षे होत असताना, १५ सप्टेंबर १८३५ रोजी ‘बीगल’ हे ब्रिटिश जहाज येथे आले. त्यावर सव्वीस वर्षांचा एक सृष्टिशास्त्रज्ञ होता. चार्लस डार्विन पाच आठवडे या बेटांत होता आणि चार बेटांवर उतरला. त्याने येथून नेलेल्या पाखरांची कथा जगप्रसिद्ध आहे. समुद्राशी त्याचा जो थोडका संबंध आला, त्याची कथा तितकी सांगितली जात नाही.

काळ्या खडकांवर शेकड्यांनी पडून असणाऱ्या काळ्या घोरपडी, म्हणजे सागरी इग्वाना, हा पृथ्वीवर दुसरीकडे कोठेही न आढळणारा प्राणी आहे. समुद्रात शिरून चरणारा सरडा दुसरा नाही. डार्विनला तो ओंगळ आणि मंद वाटला; पण कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. त्याने एका इग्वानाला शेपटीला धरून ओहोटीने राहिलेल्या डबक्यात भिरकावले. तो सरळ पोहत परत आला आणि ज्या खडकावर डार्विन उभा होता तेथेच येऊन थांबला. पुन्हा फेकला, पुन्हा परत. असे कितीतरी वेळा झाले. जो छळतो त्याच्याच पायाशी हा प्राणी का येतो? डार्विनने तर्क केला, की याला किनाऱ्यावर नैसर्गिक वैरी नाही, समुद्रात मात्र मुशी त्याला गिळतात. म्हणून संकट कोणतेही असो, किनारा सुरक्षित, ही भावना त्याच्या रक्तात उतरली आहे. जहाजावरच्या एका खलाशाने तर वजन बांधून एक इग्वाना पाण्यात सोडला. तासाभराने दोरी ओढली तेव्हा तो चांगला वळवळत होता. हा प्राणी मासे खातो असे लोक मानीत. डार्विनने पोटे फाडून पाहिली, तो आत चिरलेले समुद्रशेवाळ भरलेले. हे शेवाळ किनाऱ्यावर फारसे दिसत नाही, तेव्हा ते खोल पाण्यात उगवत असावे, असे अनुमान त्याने बांधले.

अनुमानच, कारण पाहण्याचे साधन नव्हते. त्याने येथे पंधरा जातींचे समुद्री मासे मिळविले आणि ते सर्व शास्त्राला नवे ठरले. पण ते गळाने वा जाळ्याने वर काढलेले, मद्यार्काच्या बरणीत घातलेले मासे होते. ते कोठे राहतात, काय खातात, कोणाशी कसे वागतात, हे त्यांतून कळणार कसे? ज्याने भूमीवरचा प्रत्येक दगड उलथून पाहिला, त्या पुरुषाला चार हात पाण्याखालची सृष्टी बंद दारासारखी होती.

ते दार किलकिले झाले ते १९२५ मध्ये. विल्यम बीब हा न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय संस्थेतला पक्षिशास्त्रज्ञ १९२३ साली एकदा ही बेटे पाहून गेला होता आणि त्यावरचे त्याचे पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचले गेले होते. दोन वर्षांनी तो ‘आर्क्टुरस’ नावाच्या आगबोटीतून परत आला. बोटीवर शास्त्रज्ञ होते, चित्रकार होते. रूथ रोझ नावाच्या बाई मोहिमेची बखर लिहीत होत्या आणि अर्नेस्ट शोडसॅक हे चित्रपटाचे यंत्र सांभाळीत होते. या दोघांचे पुढे लग्न झाले आणि ‘किंग काँग’ हा १९३३ सालचा गाजलेला बोलपट घडविण्यात दोघांचाही हात होता. ओसाड बेट आणि त्यावरचे अजस्र जनावर या कल्पनेचे बीज कोठे पडले असेल, याचा तर्क ज्याचा त्याने करावा.

या वेळी बीबने बरोबर एक तांब्याचे शिरस्त्राण आणले होते. त्याची रचना अगदी साधी. डोक्यावरून खांद्यांवर टेकणारे, सुमारे ६० पौंड वजनाचे एक भांडे. समोर काचेच्या खिडक्या. मागून होडीतल्या हातपंपापर्यंत गेलेली रबरी नळी. खालची बाजू उघडीच. पाण्याने भरलेल्या बादलीत पेला पालथा घालून दाबला असता आतली हवा जशी आतच राहते, तशी पंपाने येणारी हवा शिरस्त्राणातले पाणी हनुवटीखाली रोखून धरी. फक्त एक पथ्य पाळावे लागे : वाकायचे नाही. वाकले की पेला कलंडलाच. शिरस्त्राण घालून, अंगात नुसता पोहण्याचा पोशाख, असा हा पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ होडीच्या शिडीवरून एकेक पायरी उतरत समुद्राच्या तळावर जाऊन उभा राहिला.

त्याने तेथे काय पाहिले? पहिली गोष्ट अशी, की तो येथे पाहुणा होता आणि यजमानांना त्याचे भय नव्हते. मासे त्याच्या भोवती जमले, काचेतून आत डोकावू लागले. मुशी आल्या, आणि ज्या मुशींविषयी खलाशांनी अंगावर शहारे आणणाऱ्या गोष्टी रचल्या होत्या त्या त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करून निघून गेल्या. बिशपने चार शतकांपूर्वी पाखरांत जो भोळेपणा पाहिला, तोच बीबला जलचरांत आढळला. पण या वेळी माणसाच्या हातात सोटा नव्हता, आणि असता तरी ६० पौंडांचे भांडे डोक्यावर घेऊन, वाकण्याची मनाई असता, तो कोणाच्या मागे लागणार होता? पाण्यात प्रथमच माणूस दुबळा आणि प्राणी समर्थ, अशी भेट झाली. बीबवर तिचा परिणाम खोल झाला. तोवर पाखरांच्या अभ्यासात रमलेला हा मनुष्य पुढे मुख्यतः समुद्राचाच झाला, आणि १९३४ साली बर्म्यूडाजवळ पोलादी गोळ्यात बसून ३,०२८ फूट खोल उतरला. साध्या शिरस्त्राणाविषयी त्याचे मत एवढेच होते, की मनुष्यजन्माला येऊन ते एकदा तरी घालून न पाहता मरणे हा मोठा करंटेपणा होय. त्याच मोहिमेत इसाबेलाच्या उत्तर भागातील ज्वालामुखी पेटलेला होता आणि त्याचा लाव्हा समुद्रात शिरताना बीबने पाहिला. मॉरेलनंतर बरोबर शंभर वर्षांनी तोच देखावा. या वेळी मात्र उकळत्या पाण्याच्या कडेला मरणाऱ्या माशांकडे लक्ष देणारा माणूस तेथे होता.

तथापि शिरस्त्राणाला बोट हवी, पंप हवा, पंप मारणारे गडी हवेत. ते काही प्रत्येकाच्या आवाक्यातले नव्हते. समुद्राचे दार सामान्यांना उघडले ते त्याहून क्षुल्लक वाटणाऱ्या तीन वस्तूंनी : डोळ्यांवर लावायची काच, तोंडात धरायची नळी आणि पायांना घालायची रबरी वल्ही. यांतील नळीची कल्पना फार जुनी. पाणबुडे श्वास घेण्यासाठी जे साधन वापरीत त्याची तुलना अ‍ॅरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेशी केली आहे. मग नळी लांब करून खोल का जाऊ नये, असे कोणालाही वाटेल. ते शक्य नाही. पाण्याचा भार छातीवर पडतो, आणि हातभर खोलीवरच छातीचे स्नायू तो भार उचलून हवा आत ओढताना थकतात. मीटरभर खाली तर श्वास घेणे जवळजवळ अशक्य. म्हणून नळी वीतदीड वीतच असावी लागते आणि माणसाने पृष्ठभागावर पालथे तरंगावे लागते. काचेचे काम याहून नाजूक आहे. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे; पाणी बुबुळाला भिडले की प्रकाश पुरेसा वाकत नाही आणि सारे धूसर दिसते. डोळा आणि पाणी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर ठेवला की दृष्टी परत येते. पावलांना घालायच्या वल्ह्यांचे एकस्व लुई द कोर्लिये या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १९३३ साली घेतले. त्या दशकात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर हौशी मंडळी अशी सामग्री बांधून पाण्यात उतरू लागली. उतरत ती भाला घेऊन, मासे मारायला, हेही सांगितले पाहिजे.

व्हिएन्नाचा हान्स हास हा त्यांतलाच एक. त्याने लवकरच भाला टाकून कॅमेरा उचलला. ‘झारिफा’ हे शिडाचे जहाज घेऊन १९५३ च्या अखेरीस तो पत्नी लोटे हिच्यासह गालापागोसला आला. बरोबर इरेनेउस आयब्ल-आयबेसफेल्ट नावाचा पंचविशीतला प्राणिशास्त्रज्ञ होता. हे लोक पाण्यात मोकळे पोहत होते; पंपाची नळी त्यांना बांधीत नव्हती. आयब्लने काळ्या इग्वानांच्या नरांची झुंज बारकाईने पाहिली : डोक्याला डोके लावून रेटारेटी, आणि हरणारा पोटावर सपाट पडला की जिंकणारा तेथेच थांबतो, चावत नाही. पण किनाऱ्यावर त्याला दुसरेही काही दिसले. वसाहतवाले आणि येणारीजाणारी गलबते सागरसिंहांना कारणावाचून मारीत होती, कासवे तेलासाठी कापली जात होती. परतल्यावर त्याने युरोपातील संस्थांपुढे गाऱ्हाणे मांडले. १९५७ साली युनेस्कोने त्याला व अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट बोमन याला पाहणीसाठी धाडले. डार्विनच्या ग्रंथाला शंभर वर्षे होत असताना, १९५९ मध्ये, इक्वेडोरने वस्ती व शेती सोडून उरलेली सारी भूमी, म्हणजे सुमारे ९७ टक्के, राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवली. त्याच वर्षी डार्विन प्रतिष्ठानाची स्थापना झाली आणि १९६४ मध्ये सांता क्रूझ बेटावर त्याचे संशोधन केंद्र सुरू झाले.

राखली ती भूमी. उद्यानाची हद्द भरतीच्या रेषेपाशी संपत होती. समुद्राकडून आलेले अन्न खाऊन जगणारी पाखरे सरकारी संरक्षणात, आणि ते अन्न मात्र वाऱ्यावर! बेर्लांगाची नजर कायद्याच्या पुस्तकात अजून जिवंत होती, असेच म्हणावे लागेल.

या समुद्राची दौलत किती बेभरवशाची आहे, ते १९८२-८३ साली कळून आले. पेरूचे कोळी ज्याला ‘एल निन्यो’ म्हणतात तो उष्ण पाण्याचा फेरा त्या वर्षी अतिशय तीव्रतेने आला. खालून वर येणारे थंड पाणी थांबले, शेवाळ मेले, मासे निघून गेले. येथले तीन चतुर्थांशांहून अधिक पेंग्विन नाहीसे झाले. प्रवाळांपैकी तर ९५ टक्क्यांहून जास्त मेले. किनाऱ्यावर इग्वाना उपाशी मरून पडले. पुढे असे आढळून आले, की अशा दुष्काळात इग्वानाची नुसती चरबीच झडते असे नाही, तर त्याची लांबीही एक पंचमांशापर्यंत कमी होते, आणि चांगले दिवस आले की तो पुन्हा वाढतो. हाडामांसाचा प्राणी आखूड होतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पुनःपुन्हा मोजूनच स्वीकारली.

त्या आपत्तीत एक लहानसा मासा हरवला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोहिमेतून परतलेल्या हेलर व स्नॉडग्रास यांनी १९०३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले होते. तो येथलाच, दुसरीकडे नसलेला. खडकांच्या कडेला मध्यपाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव टिपणारा, आणि दुर्मीळ मुळीच नव्हे. १९८३ नंतर तो कोणाला दिसल्याची खात्रीशीर नोंद नाही. भूमीवरचे एखादे पाखरू नाहीसे झाले तर त्याच्या घरट्याची जागा तरी ओस दिसते. पाण्यात तसे काही मागे राहात नाही. जे थोडे लोक पाण्यात डोके घालून पाहत होते त्यांच्या टिपणवह्या नसत्या, तर तो गेला हेही कळले नसते.

यानंतरचा इतिहास भांडणाचा आहे, आणि त्यात कोळ्यांची बाजू सरसकट खोटी म्हणता येणार नाही. आशियाच्या बाजारात समुद्रकाकडी या तळावर सरपटणाऱ्या प्राण्याला भरमसाट भाव आला, तेव्हा १९९०च्या सुमारास खंडावरून माणसे नशीब काढायला बेटांवर आली. सरकारने बंदी घातली. पोट हातावर असलेल्यांना ती जाचली, आणि जानेवारी १९९५ मध्ये संतप्त कोळ्यांनी सांता क्रूझवरचे संशोधन केंद्रच वेढले. पुष्कळ ओढाताणीनंतर १९९८ साली खास कायदा झाला. बेटांभोवती ४० सागरी मैलांपर्यंतचे, १,३०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक पाणी राखीव ठरले; मोठ्या कारखानदारी मासेमारीला मज्जाव झाला, आणि स्थानिक कोळ्यांचा होडीने मासेमारी करण्याचा हक्क कायम राहिला. कायदा झाला म्हणून संकटे थांबली नाहीत. १६ जानेवारी २००१ रोजी ‘जेसिका’ ही तेलवाहू बोट सान क्रिस्तोबालच्या बंदरात खडकावर चढली. वारा आणि प्रवाह यांनी बरेचसे तेल बाहेर वाहून नेले, म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण वर्षभरात सांता फे बेटावरचे ६२ टक्के इग्वाना मेलेले आढळले. अत्यल्प तेलही पुरले होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राखीव पाण्यात पकडलेल्या एका चिनी जहाजाच्या तळघरात ६,००० हून अधिक मुशी निघाल्या. २०२२ साली इक्वेडोरने कोस्टारिकाच्या दिशेने आणखी ६०,००० चौरस किलोमीटर पाणी राखीव क्षेत्रात घातले, कारण कानमुशी आणि समुद्रकासवे यांना नकाशावरच्या रेषा ठाऊक नसतात. ती एका बेटसमूहाकडून दुसऱ्याकडे जात येत राहतात.

आज येथे येणारा प्रवासी काच आणि नळी लावून होडीच्या काठावरून पाण्यात सरकतो. पाणी थंड असते आणि स्फटिकासारखे निर्मळही नसते. ज्या सूक्ष्म जिवांवर सारे चालते त्यांनीच ते हिरवट गढूळ केलेले असते. डोळा सरावला की खाली काळ्या लाव्हाच्या भिंती दिसू लागतात. वाळूवर पाकट पडलेला असतो. उडता न येणारा पाणकावळा पाय मारीत कपारींत शोध घेत असतो, आणि त्याला पाहत असतानाच एखादा पेंग्विन बाणासारखा सुटून माशांच्या थव्यात घुसतो. वाटाड्याने बजावलेले असते, की कोणत्याही प्राण्याच्या दोन मीटरपेक्षा जवळ जायचे नाही, हात लावायचा नाही. सागरसिंहाच्या पिलांना हा नियम कोणी सांगितलेला नसतो. ती काचेपर्यंत येतात, तोंडातून बुडबुडे सोडतात, गिरकी घेऊन पायाची वल्ही दाताने ओढून पाहतात, आणि पाहुणा खेळत नाही असे दिसताच जवळून पोहत चाललेल्या इग्वानाची शेपटी ओढायला जातात.

इग्वाना त्यांच्याकडे लक्ष देत नाही. सकाळभर उन्हात अंग तापवून तो पाण्यात उतरलेला असतो, आणि अंग गारठण्यापूर्वी त्याला पोट भरायचे असते. हातपाय अंगाशी घेऊन, चपटी शेपटी नागमोडी हलवीत तो तळाशी जातो, नखांनी खडकाला घट्ट धरतो, बोथट नाक दगडाला लावतो आणि गाईने गवत ओढावे तसे शेवाळ ओढू लागतो. डार्विनला यासाठी त्याचे पोट फाडावे लागले होते. वर तरंगणारा मनुष्य ते काही मिनिटे पाहत राहतो. मग इग्वाना खडक सोडून वर येतो, माणसाला वळसा घालून किनाऱ्याकडे पोहतो, लाटेबरोबर काळ्या दगडावर चढतो, आणि नाकातून खारट पाण्याची फुंकर उडवून उन्हाकडे पाठ करून पडतो.